संशोधनाच्या मार्गदर्शकास साहाय्य : व्यवसायी वैद्य व औषधनिर्माते यांचे कर्तव्य

आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे संशोधन करावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही योजना सुरू केली. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्यास दोन महिन्यांच्या संशोधनासाठी एकूण ५०,००० रुपये विद्यावृत्ती ठरविण्यात आली. त्यानंतर पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ‘पीजी-स्टार’ ही योजना आली. आधुनिक वैद्यकाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद अशी अल्पकालीन विद्यावृत्ती १९७९ पासून देत आली आहे. आपल्याकडे हे पाऊल चार दशके उशिरा पडले, तथापि पडले याचा आनंद आहे.

या योजनांची चर्चा करताना विद्यार्थी, विषय व रक्कम या तीनच गोष्टींचा विचार होतो. ज्या अध्यापकाने त्या विद्यार्थ्यास हाताशी धरून प्रश्नापासून निष्कर्षापर्यंत न्यावयाचे, त्याच्या अडचणींचा विचार क्वचितच होतो. सकाळी बाह्यरुग्ण विभाग, दुपारी व्याख्याने, सायंकाळी तपासणीच्या कागदपत्रांची सिद्धता आणि उरलेल्या वेळात प्रबंध, असा त्याचा दिनक्रम असतो. पुरेसे रुग्ण, खात्रीचे औषध, संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला आणि निवांत वेळ या चार गोष्टींची त्याला नित्य उणीव भासते. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी व्यवसायी वैद्य व औषधनिर्माते यांच्याजवळ आहेत, तिसरी आपण मिळवून देऊ शकतो आणि या तीन मिळाल्या की चौथी काही अंशी आपोआप साधते. आपण विद्यार्थ्यास विषय सुचविण्यापेक्षा मार्गदर्शकास साहाय्य करावे, आणि ते साहाय्य कसे असावे हे आधी शिकून घ्यावे, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे आम्ही एका चुकीतून शिकलो. ती पुढे सांगितली आहे.

१. शास्त्रातील आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य कसा निवडावा, शिष्य कसा असावा आणि तद्विद्यसंभाषा कशी करावी, यांचा क्रमाने विचार आला आहे. त्याच अध्यायात कार्यारंभापूर्वी परीक्षा करावयाचे दहा विषय सांगितले आहेत. चिकित्सेसाठी सांगितलेले हे दशविध परीक्ष्य संशोधनाच्या आराखड्यासही उत्तम लागू पडतात, असा आमचा अनुभव आहे. मार्गदर्शक व विद्यार्थी यांनी कामास आरंभ करण्यापूर्वी एका कागदावर ही दहा उत्तरे लिहावीत :

कारण : काम कोण करणार, रुग्णाची परीक्षा कोण करणार, नोंद कोण ठेवणार?
करण : औषध कोणते, कोणत्या बॅचचे, साधने कोणती?
कार्ययोनि : कोणत्या अवस्थेतील रुग्ण घ्यावयाचा, कोणता वगळावयाचा?
कार्य : त्या अवस्थेत कोणता बदल अपेक्षित आहे?
कार्यफल : रुग्णास बरे वाटले हे कशावरून मोजावयाचे?
अनुबंध : उपचार थांबविल्यानंतर किती काळ पाठपुरावा करावयाचा?
देश : रुग्णालय की खाजगी चिकित्सालय, आणि रुग्ण कोणत्या भागातील?
काल : कोणता ऋतू, व्याधीची कोणती अवस्था?
प्रवृत्ति : कोणत्या अनुमती मिळाल्यावर आरंभ करावयाचा?
उपाय : वरील नऊ गोष्टी परस्परांशी जुळतात काय?

ज्या प्रकल्पाच्या कागदावर एखादी ओळ कोरी राहते, तो प्रकल्प बहुधा त्याच ठिकाणी अडतो.

२. एका प्रबंधाचे उदाहरण

विद्यार्थ्याचे काम म्हणजे परीक्षेपुरते काम, असा समज आपल्यापैकी अनेकांचा असतो. तो दूर होण्यासाठी गुग्गुळाचे उदाहरण पुरेसे आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात मेदोवृद्धी व तिचे परिणाम वर्णिलेले आहेत. त्या वर्णनाचा धागा पकडून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविलेल्या सशांवर गुग्गुळाचा परिणाम त्यांनी तपासला होता. त्यावर आधारित शोधनिबंध सत्यवती, द्वारकानाथ व त्रिपाठी या तिघांच्या नावे १९६९ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेने या दिशेने काम करून गुगुलिपिड हा प्रमाणित अर्क सिद्ध केला. सत्यवती स्वतः कालांतराने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

कथा येथे संपत नाही. २००३ साली अमेरिकेत १०३ रुग्णांवर आठ आठवडे झालेल्या तुलनात्मक चाचणीत गुगुलिपिडने एलडीएल कोलेस्टेरॉल घटले नाही, उलट किंचित वाढले. काही रुग्णांच्या त्वचेवर पुरळही उठले. यावर अनुपान, आहार, प्रकृती व शोधन यांचा विचार त्या चाचणीत झाला नाही, असे आपण म्हणतो. ते म्हणणे योग्य असेलही. परंतु ते सिद्ध करावयाचे तर पुन्हा कोणा विद्यार्थ्यास आणि कोणा मार्गदर्शकास बसावे लागेल. ग्रंथातून निघालेला प्रश्न तपासता येईल अशा रीतीने मांडला गेला, म्हणूनच तो चाळीस वर्षांनंतर परदेशातही पुन्हा विचारता आला, हे ध्यानात घ्यावे. अनुकूल उत्तर मिळणे हे मार्गदर्शकाचे यश मानू नये. प्रश्न नीट विचारला जाणे हे त्याचे यश होय.

३. आमच्या हातून घडलेली चूक

सुमारे आठ वर्षांपूर्वी एका आयुर्वेद महाविद्यालयातील अध्यापिका आपल्या पदव्युत्तर विद्यार्थिनीस घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. विषय अम्लपित्त व अविपत्तिकर चूर्ण असा होता. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मुदतीत पुरेसे रुग्ण मिळत नव्हते. आमच्या चिकित्सालयात रुग्ण घेण्यास त्यांनी एथिक्स कमिटीची अनुमती मिळविली होती. वर्षाऋतूत जलाचा अम्लविपाक, पित्ताचा संचय आणि मंदाग्नी यांमुळे पनवेल परिसरात असे रुग्ण आम्ही रोज पाहतो. तेव्हा तीस रुग्ण सहज देऊ, असे आम्ही उत्साहाने सांगून टाकले.

पावसाळा संपला तेव्हा आमच्याकडे अठ्ठावीस केसपेपर होते. अध्यापिका ते घेऊन बसल्या आणि एकेक बाजूला ठेवू लागल्या. बहुतेक केसपेपरांवर पहिल्या दिवशी आम्ही ‘अम्लपित्त’ एवढेच लिहिले होते. दाह किती, अम्लोद्गार दिवसातून किती वेळा, जेवणानंतर किती वेळाने, यांपैकी काहीही नोंदलेले नव्हते. सहा रुग्णांना त्रास वाढला म्हणून आम्ही कामदुधा दिली होती. चिकित्सक म्हणून ते योग्यच होते. पण ती कोणत्या दिवशी व किती दिली याची नोंद नव्हती. याहून मोठी चूक औषधाची झाली. ठरलेले चूर्ण मध्येच संपले आणि आमच्या कंपाउंडरने त्याच नावाचे दुसऱ्या उत्पादकाचे चूर्ण आणून पुड्या बांधल्या. एका वृद्ध रुग्णाने नव्या पुडीने जुलाब अधिक होतात असे सांगितले, तेव्हा हे आमच्या लक्षात आले. अविपत्तिकरात निशोत्तर मोठ्या प्रमाणात असते आणि त्याच्या प्रतीवर रेचनाचा वेग अवलंबून असतो, हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. त्या वेळी ते आठवले नाही, एवढेच खरे.

अठ्ठावीसपैकी नऊ नोंदी उपयोगी ठरल्या. उरलेल्या नोंदी घरी बसून ‘पूर्ण’ करून द्याव्यात, असे सुचविणारेही भेटले. त्या अध्यापिकेने तसे होऊ दिले नाही. “डॉक्टर, तिला आज खोटा आकडा लिहायला शिकवला, तर उद्या ती रुग्णाला काय सांगेल?” एवढेच त्या म्हणाल्या. प्रबंधास मुदतवाढ घ्यावी लागली, विद्यार्थिनीची परीक्षा सहा महिने लांबली आणि तिने ठरविलेली नोकरी हातची गेली. साहाय्य करण्याची आमची इच्छा खरी होती. परंतु आमच्या साहाय्याने त्या दोघींचे काम कमी न होता वाढले.

४. व्यवसायी वैद्याने काय द्यावे?

(१) प्रथम संख्या नव्हे, वेळ द्यावा. आठवड्यातील एक ठराविक वेळ विद्यार्थ्यासाठी राखावी. त्या वेळी नव्या रुग्णाची परीक्षा विद्यार्थ्याने आपल्यासमक्ष करावी व नोंद त्याच ठिकाणी पूर्ण करावी. नंतर आठवून लिहिलेली नोंद नोंद समजू नये.

(२) रुग्णसंख्या सांगताना हात आखडता घ्यावा. रोज दिसणारे रुग्ण आणि निकषांत बसणारे, संमती देणारे, महिनाभर नियमाने येणारे रुग्ण यांत फार मोठे अंतर असते. तीस वाटत असतील तर दहा सांगावेत.

(३) त्रास वाढल्यास कोणते पूरक औषध द्यावयाचे, ते किती दिल्यावर रुग्ण अभ्यासातून वगळावयाचा, हे मार्गदर्शकासह आधी लिहून ठेवावे. रुग्णहित सदैव प्रथम. संशोधनासाठी कोणाचाही दाह वाढू देऊ नये. दिलेले औषध मात्र नोंदवावे.

(४) एथिक्स कमिटीच्या अनुमतीवाचून एकही रुग्ण घेऊ नये. अनुमतीपत्रात आपल्या चिकित्सालयाचे नाव आहे की नाही, हे स्वतः पाहावे. संमतीपत्र रुग्णास समजेल अशा मराठीत असावे, आणि नकार दिल्यास नेहमीच्या उपचारांत फरक पडणार नाही हे आपण त्यास तोंडी सांगावे. आपल्या शब्दास मान देऊन नाइलाजाने ‘हो’ म्हणणारे रुग्ण आपल्याकडे असतात, त्यांस ओळखावे.

(५) अर्ध्यावर सोडून गेलेल्या रुग्णांची नावे नोंदवहीतून काढू नयेत. किती आले, किती राहिले व का गेले, हाही निष्कर्षाचाच भाग आहे.

(६) रुग्णांवरील चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया येथे नोंदणी झाल्याची खात्री करावी. ही नोंदवही २००७ साली सुरू झाली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वी केलेलीच नोंदणी तेथे स्वीकारली जाते. नोंदणीस शुल्क नाही, वेळ मात्र लागतो. म्हणून मार्गदर्शकास ‘लवकर सुरू करा’ अशी घाई आपण करू नये.

५. औषधनिर्मात्याने काय द्यावे?

पनवेल ही आयुर्वेदीय औषधनिर्मितीची जुनी भूमी आहे. श्री धूतपापेश्वर ही संस्था येथे १८७२ साली स्थापन झाली. ज्या गावात औषधनिर्मितीची परंपरा इतकी जुनी आहे, तेथील अध्यापकास चूर्णाची खात्री नसावी, हे आपणां सर्वांस शोभत नाही.

संपूर्ण अभ्यासासाठी एकाच बॅचचे औषध द्यावे. हिशेब सोपा आहे. तीस रुग्ण, रोज सहा ग्रॅम, तीस दिवस, म्हणजे ५,४०० ग्रॅम. सांडलवंड व वाढीव रुग्ण यांसाठी पंचमांश धरल्यास सुमारे साडेसहा किलो चूर्ण एकाच वेळी वेगळे काढून ठेवावे. आमच्या प्रकरणात हा पाच मिनिटांचा हिशेब कोणीच केला नव्हता.

औषधासोबत बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक, घटकद्रव्यांची वनस्पतिशास्त्रीय नावे, वापरलेले अंग व परीक्षणाचा अहवाल द्यावा. द्रव्याच्या ओळखीचा प्रश्न किती बिकट आहे, हे आपण जाणतोच. शंखपुष्पी म्हणून कोठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कोठे विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण वापरतात. रास्ना उत्तरेत प्लुचिया, तर दक्षिणेत कुलिंजनाच्या जातीची. अशोकाच्या सालीत आसुपालवाची साल मिसळलेली सापडते. विडंग म्हणून एम्बेलियाच्या एकाहून अधिक जाती विकल्या जातात, आणि विडंग तर अविपत्तिकरातही आहे. प्रतिनिधी द्रव्य घेतले असेल तर ते लपवू नये. विद्यार्थ्याने ते प्रबंधात लिहिले तर आपली अप्रतिष्ठा होत नाही. न लिहिल्यामुळे दुसऱ्या कोणास तोच परिणाम मिळाला नाही, तर मात्र अप्रतिष्ठा शास्त्राची होते.

त्या बॅचचा थोडा नमुना सीलबंद करून आपल्याकडे जपावा. परीक्षकाने शंका घेतल्यास मार्गदर्शकाजवळ दाखविण्यास काहीतरी असते.

६. काय मागू नये?

हा भाग लिहिणे अवघड आहे, पण टाळता येत नाही. औषध विनामूल्य दिल्यावर ‘निकाल चांगला येऊ द्या’ असे हसत हसत म्हणणे, प्रबंध सादर होण्यापूर्वी पाहण्यास मागणे, अर्ध्या अभ्यासातील आकडे जाहिरातीत वापरणे, हे प्रकार आपल्या क्षेत्रात घडतात. त्यांचा भार सर्वांत अधिक मार्गदर्शकावर पडतो. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यास औषध मिळावे म्हणून तो गप्प बसतो, आणि विद्यार्थी ते पाहून शिकतो.

यास्तव औषध देतानाच एका पानाचे पत्र द्यावे. त्यात तीन गोष्टी असाव्यात : निष्कर्ष कोणताही आला तरी प्रसिद्ध करण्यास आमची हरकत नाही, मार्गदर्शकास वा विद्यार्थ्यास औषधाव्यतिरिक्त कोणतेही मानधन दिलेले नाही, औषध आम्ही पुरविले हे प्रबंधात नमूद करावे. असे पत्र मार्गदर्शकाचे संरक्षण करते. ते प्रामाणिक उत्पादकाचेही संरक्षण करते, कारण त्याच्या औषधाविषयीच्या अनुकूल निष्कर्षावर मग कोणी संशय घेत नाही.

७. लहान प्रश्नांचे महत्त्व

दोन महिन्यांच्या मुदतीत औषधाची चाचणी बसविण्याचा हट्ट धरू नये. पदवीच्या विद्यार्थ्यास लहान, पूर्ण होणारा प्रश्न द्यावा, अशी मार्गदर्शकाची इच्छा असते. तसे प्रश्न सुचविण्यास आपण मदत करू शकतो. एकाच रुग्णाची जिव्हापरीक्षा तीन वैद्यांनी स्वतंत्रपणे केली, तर त्यांचे निदान किती जुळते? आपल्या गावातील काष्ठौषधींच्या दुकानांत विडंग या नावाने प्रत्यक्षात काय मिळते? हे प्रश्न लहान आहेत, परंतु त्यांची उत्तरे आपल्या रोजच्या व्यवहारास उपयोगी आहेत.

आणखी एक उदाहरण देतो. पावसाच्या आरंभी पनवेलच्या बाजारात आसपासच्या वाड्यांतील स्त्रिया शेवळे विकावयास आणतात, आणि त्यांसोबत काकडाची आंबट फळेही देतात. शेवळे सुरणाच्याच कुळातील. तशीच खाल्ल्यास घशास खाज सुटते. काकडाशिवाय शेवळे शिजवू नयेत, हे विकणारी स्त्री सांगितल्यावाचून राहत नाही. अम्ल द्रव्याच्या संस्काराने दोष कसा जातो, किती शेवळांस किती काकडे, किती वेळ शिजवावे, काकड न मिळाल्यास काय घालतात, याची वीस घरांत विचारून केलेली नोंद हा दोन महिन्यांत पूर्ण होणारा उत्तम प्रकल्प आहे. माहिती देणाऱ्या स्त्रियांची संमती घ्यावी, आणि माहिती त्यांची आहे हे स्पष्ट लिहावे. मार्गदर्शकास येथे आपले साहाय्य काय? वाडीतील परिचयाच्या घरी विद्यार्थ्यास नेऊन बसविणे, एवढेच. ते महाविद्यालयातील अध्यापकास जमत नाही. तेथे वर्षानुवर्षे रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास जमते.

८. संघटनेने काय करावे?

आपल्या संघटनेने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. पहिली, नोंदी ठेवण्यास तयार असलेल्या चिकित्सालयांची व एकाच बॅचचे औषध देण्यास तयार असलेल्या उत्पादकांची सूची करून ती परिसरातील आयुर्वेद महाविद्यालयांस पाठवावी. दुसरी, संख्याशास्त्राच्या एखाद्या अध्यापकाचा सल्ला मार्गदर्शकांस मिळण्याची व्यवस्था करावी. हा सल्ला आराखड्याच्या वेळी घ्यावयाचा असतो. सगळे आकडे जमल्यावर त्याचा उपयोग फार थोडा होतो. तिसरी, वर्षातून एकदा मार्गदर्शकांची सभा घ्यावी, आणि तीत यशस्वी प्रबंधांपेक्षा अडलेल्या प्रबंधांविषयी बोलावे. प्रतिपक्षास हरविण्यासाठी नव्हे, तर स्वतःचे ज्ञान वाढविण्यासाठी केलेली जी संधायसंभाषा चरकाचार्यांनी सांगितली, तिचे स्थान आज हेच असावे.

उपसंहार

त्या प्रसंगानंतर तीन वर्षांनी त्याच अध्यापिका दुसऱ्या विद्यार्थ्यास घेऊन आमच्याकडे आल्या. त्या पुन्हा आल्या, हेच आम्हांस विशेष वाटले. या वेळी आम्ही बाराच रुग्ण कबूल केले. गुरुवारची दुपार राखून ठेवली, औषधाचा डबा वेगळा ठेवून त्यावर बॅच क्रमांक लिहिला आणि कंपाउंडरसही सर्व समजावून सांगितले. अकरा नोंदी पूर्ण झाल्या. बारावा रुग्ण भातलावणीसाठी गावी गेला तो परतला नाही, तेही लिहिले. औषधाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तेही लिहिले. प्रबंध मुदतीत सादर झाला.

पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी एखादा अध्यापक आपल्या दारी येईल. त्याला किती रुग्ण देऊ, हे सांगण्यापूर्वी त्याचा दहा ओळींचा कागद मागून घ्यावा आणि त्यातील कोणती ओळ आपण भरू शकतो, ते पाहावे, ही वैद्यबंधुभगिनींस व औषधनिर्मात्यांस नम्र विनंती.